इथे बाबा हरतात

सडक १४, सेक्टर ६, भिलाई
२० नोव्हेंबर २०२४

चि. अनुजा,
खूप आशीर्वाद.

मोठेबाबा फोन कावून उचलत नाही, असं तू बापाले विचारलं म्हणे. तुह्या बापाले मी भाऊ म्हणून ओळखतो, पण आता त्याचा आवाज ओळखू येत नाही. स्टील प्लांटच्या रेल मिलनं माहे दोन्ही कान ठेवून घेतले अन् दोन वर्षांमागं बाकीचा माणूस घरी पाठवला. कानाची मशीन लावली की पंखा ऐकू येते, माणूस नाही; तुह्या मोठीआईचे, शैलाचे, ओठ तेवढे वाचता येतात. अन् मेसेज करावा तं मोबाईल तुह्या मोठीआईच्या हातात. ह्या गोष्टीतलं तिले काहीच कळू द्यायचं नाही, म्हणून पत्र. पोस्टमन पत्र मलेच देते, अन् मी शैलाले सांगतो, पेन्शनचं आहे.

भूमिकाच्या लग्नात पंगतीत तू म्हटलं, की सुमेध तुले मोबाईलच्या कोणत्या तरी खेळात दिसते. माह्या बाजूच्यानं ते मले कागदावर लिहून सांगितलं. तवापासून घास गोड लागत नाही. हे खरं आहे का?

चार वर्षं झाली माह्या पोट्ट्याले घर सोडून. नंबर बंद, पत्ता नाही. त्यानं ठेकेदाराकडली नोकरी सोडली त्या दिवशी तो काय बोलला अन् मी काय बोललो, ते तू दारात उभी राहून ऐकलंच होतं. आता तं आम्हीच इथून चाललो. हा ब्लॉक पाडणार आहेत, मार्चअखेर क्वार्टर खाली करायचं आहे. वर्ध्याले तुह्या मोठीआईच्या भावानं दोन खोल्या देल्या. उद्या पोट्टा आलाच तं त्याले दार नाही, मातीचा ढीग दिसन. आम्ही कुठं गेलो हे तो कोणाले विचारन? अर्धी सडक आताच खाली झाली.

त्या खेळातून त्याले एक निरोप जाते का, तेवढं सांग. उगाच धीर देऊ नको. धीर देणारे इथं गंज आहेत, पायलीचे पन्नास.

तुहा मोठेबाबा,
हरिभाऊ


पुणे
२ डिसेंबर २०२४

ती. मोठेबाबा,
साष्टांग नमस्कार.

खरं आहे. माझ्या खेळातल्या मित्रांच्या नावांत एक नाव आहे, 'चिडीमार सेक्टर ६'. ते सुमेधदादाचं. बॅडमिंटनच्या शटलला 'चिडी' म्हणणारं माणूस पुण्यात एक सापडणार नाही. त्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, म्हणजे तो आज खेळला. कुठे खेळला ते दिसत नाही. निरोप पाठवायची सोय ह्या खेळात नाही. माझं नाव त्याने काढून टाकलेलं नाही, एवढंच मला धरून ठेवायला आहे. रोज सकाळी चहाआधी मी तो ठिपका बघते, मोठेबाबा. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण सांगून तुमच्या हातात काय देणार होते?

पण एक वाट आहे. हा खेळ बसून खेळायचा नाही, चालत खेळायचा. गावातली खरी ठिकाणं, म्हणजे देऊळ, कारंजं, बाग, वाचनालय, खेळायचं मैदान, सगळी त्यात ठाणी असतात. तिथे जाऊन उभं राहिलं की गुण मिळतात. नवं ठाणं खेळणारेच सुचवतात आणि खेळणारेच तपासून पास-नापास करतात. कोण तपासतं ते कोणालाच कळत नाही. तपासणाऱ्याला आपलं एक गाव निवडायचं असतं, त्या गावातली सगळी सुचवलेली ठिकाणं त्याच्यासमोर येतात. दादाने भिलाई निवडलं होतं. मला मोठ्या तोऱ्यात दाखवलं होतं, "भिलाईत माझ्याशिवाय पान हलत नाही" म्हणून.

तुमच्या दारासमोरचं बॅडमिंटन कोर्ट सुचवायचं का? ते सगळ्या सडकेचं आहे, नियमात बसतं. दादासमोर ते येऊ शकतं. फक्त अडचण अशी की सुचवायला तिथेच उभं राहून फोटो काढावा लागतो. नंतरही कोणाला त्या ठाण्याचा फोटो टाकायचा तर तिथे उभं राहूनच टाकावा लागतो. पुण्यात बसून काही होत नाही. माझा जुना मोबाईल कुरियरने पाठवते आहे. खेळ उघडून ठेवला आहे, कसं करायचं ते कागदावर लिहिलं आहे. मोठीआईला सांगा, अनुजाची काहीतरी फोटोची स्पर्धा आहे.

तुमची,
अनुजा


सेक्टर ६, भिलाई
२२ डिसेंबर २०२४

चि. अनुजा,

तुहा मोबाईल पोचला. मिलच्या टाइम ऑफिसातले हजेरीचे कागद वाचायची सवय आहे, म्हणून तुही कागदावरची सूचना दोनदा वाचली अन् मगच हात लावला. लिहायचं बोटानं नाही केलं, तोंडानं केलं. आपण बोललो की तो लिहिते. माह्यापेक्षा त्याचे कान बरे.

फोटो मस्त झाला. उरलेसुरले सगळे पडोसी बोलावले. सिंधुताई तिकडं सेक्टर १० ले राहाले गेली, तरी नातवाले घेऊन आली, जानराव स्वेटर बदलून आला, तुही मोठीआई नवं पातळ नेसून मध्ये उभी राहिली. 'स्पर्धेत पयला नंबर आला तं काय देते?' म्हणून विचारून राहिली. मी म्हटलं, देईन काहीतरी.

मागं पंपघराच्या भिंतीवर पोट्ट्यानं दहावीत रंगवलेला पत्रा आहे, 'इथे बाबा हरतात'. गंजला. अर्धे अक्षरं उडाले. कोर्टाचे पाइपही गंजले. लाज वाटली जरा, पण काय करता.

'हे ठिकाण महत्त्वाचं कावून आहे' म्हणून एक रकाना होता. तिथं मी असं बोललो, तुह्यासाठी इथं उतरवतो:

"तपासणाऱ्यास विनंती. ह्या कोर्टवर सडक १४ ची सगळी लेकरं मोठी झाली. मीही माह्या मुलाले इथंच खेळ शिकवला, अन् तो शिकल्यावर एकदाही जिंकलो नाही. सुमेध, तू हे वाचत असशीन तं वाच. आम्ही ३१ मार्चपर्यंत इथं आहो. मग वर्धा, स्टेशनमागं, शिल्पा टेलर्सच्या वरच्या दोन खोल्या. तुही आई बरी आहे. मी बरा आहो. पास केलं नाही तरी चालन, पण वाच."

बटन दाबलं तं 'धन्यवाद' आलं. कोणाचे ते कळलं नाही.

हरिभाऊ


पुणे
२० जानेवारी २०२५

ती. मोठेबाबा,

तुमचा रकाना मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचला. पुढे काही काम झालं नाही त्या दिवशी.

नापास झालं. कारणं आली आहेत: फोटोत माणसांचे चेहरे, खासगी माहिती, घरचा पत्ता. ह्यातलं काहीच चालत नाही. चूक माझीच, मी कागदावर लिहायला हवं होतं. आणि वाईट म्हणजे, पहिल्या तीन-चार जणांनी नापास केलं की ते पुढच्यांकडे जातच नाही. म्हणजे दादापर्यंत पोचलंच नसेल बहुतेक. की पोचलं, आणि त्या तीन-चार जणांत तोही होता? असं मनात आणू नका. मी आणलं आणि काढून टाकलं.

पुन्हा टाकू. ह्या वेळी मजकूर मी देते, तेवढाच टाका: "रहिवाशांनी मिळून उभारलेलं सार्वजनिक बॅडमिंटन कोर्ट. परिसरातील लोक व्यायामासाठी व भेटीगाठीसाठी वापरतात." कोरडं वाटेल तुम्हाला, पण असलंच पास होतं. फोटोत माणसं नको, अगदी एकही नको. चेहरा तर नकोच. आणि जरा साफसफाई करून घ्या, मोडकंतोडकं दिसलं की लोक लगेच नापास करतात.

नुसतं कोर्ट पाहूनही दादा ओळखेल. सेक्टर ६ चं कोर्ट तो झोपेत ओळखेल. हिरवा ठिपका कालही होता.

अनुजा


सेक्टर ६, भिलाई
९ फेब्रुवारी २०२५

चि. अनुजा,

तू साफसफाई म्हटलं, मी इन्स्पेक्शन म्हणून समजलो. अवं, प्लांटमध्ये मोठा साहेब येणार म्हटलं की आम्ही झाडाच्या बुडालेही चुना मारत होतो. हे लोकं तं भारतभरातले तपासणारे! त्याईच्यासमोर गंजलं पाठवू?

जानरावले संगं घेतलं. पाइपले सिल्व्हर पेंट, कोर्टाच्या रेषा चुन्यानं, कडंनं विटा उभ्या करून त्याले गेरू. फाटकी जाळी काढून जानरावच्या घरची लावली. पंपघर पिवळं केलं. पत्र्याले आधी घासलं, मग हिरव्या इनॅमलचे दोन हात, अन् सुपेला बाजारातल्या पेंटरकडून पांढऱ्या सुबक अक्षरात लिहून घेतलं: 'बॅडमिंटन कोर्ट, सडक १४. कृपया स्वच्छता राखा.' एकदम चकाचक. दोन महिन्यात पाडणार आहेत अन् म्हातारे रंगवून राहिले, म्हणून पलीकडचे पोट्टे हसले. हसू दे.

फोटोत एक कुत्रंही येऊ देलं नाही. तुहा मजकूर जसाच्या तसा टाकला. वाचून मले काहीच वाटलं नाही, म्हणजे पास होईन.

तुही मोठीआई कोर्टाकडं पाहून म्हणाली, 'सुमेध असता तं आजच खेळला असता.' मी ऐकलं नाही असं केलं. मले ते सोपं जाते.

हरिभाऊ


पुणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. मोठेबाबा,

पास झालं. काल रात्री कळलं. आता सेक्टर ६ च्या नकाशावर तुमच्या दारासमोर ठाणं आहे. मी नाचले खरं तर, खालच्या काकूंनी खालून ठोकलं.

मग फोटो नीट मोठा करून पाहिला.

मोठेबाबा, 'इथे बाबा हरतात' कुठे गेलं? पत्रा बदलला का? जुना ठेवला आहे ना कुठे? दादाने तो पत्रा रंगवला तेव्हा मी ब्रश धरायला होते. 'ह' वाकडा आला म्हणून तो रडकुंडीला आला होता, आणि तुम्ही म्हणाला होता, वाकडा राहू दे, हरलेला 'ह' असाच असते. त्या दिवशी तुम्ही किती हसला होता. नंतर, तो गेला त्या दिवशी, तुम्ही दारात म्हणाला होता की हरलेल्या माणसाला ह्या घरात जागा नाही. मला वाटायचं, दादाला दारातलं ते वाक्य आठवत असलं, तरी फोटोत पत्रा दिसला की हे हसणंही आठवेल.

जुना पत्रा असेल तर लगेच लावा. फोटो पुन्हा टाकता येतो.

अनुजा


सेक्टर ६, भिलाई
६ मार्च २०२५

चि. अनुजा,

जुना पत्रा वेगळा नाही. तोच आहे, इनॅमलच्या खाली.

तुहं पत्र वाचून मी बाहेर गेलो अन् त्या पत्र्यासमोर उभा राहिलो. रॉकेलनं एक कोपरा घासून पाहिला. हिरवं निघालं, त्याच्याखालून नुसतं लोखंड निघालं. पॉलिश पेपर मीच मारला होता, अन् मन लावून मारला होता. काम करताना मले एकदाही वाटलं नाही की हे काय पुसून राहिलो. आयुष्यभर तेच केलं ना! साहेब येणार म्हटलं की जे घरचं दिसते ते झाकायचं.

मग खडूनं मीच लिहून पाहिलं. 'इथे बाबा हरतात.' माह्या अक्षरात ते खोटं दिसते. बाबानं स्वतःच लिहिलं तं तो हरला कुठं? पुसून टाकलं.

तपासणाऱ्याले आवडन म्हणून माणसं काढली, पत्ता काढला, पोट्ट्याचं अक्षर काढलं. जे पास झालं ते कोणाचंही कोर्ट आहे. त्यानं पाहिलंच तं काय पाहीन? बापानं आपलं नाव-निशाण मिटवून तिथं 'स्वच्छता राखा' लिहिलं, हेच ना? तुले दोष देत नाही मी. तुले तं कोर्ट पास करायचं होतं.

३१ ले सकाळी ट्रक येते. सामान बांधणं सुरू आहे. मोबाईल तुले परत पाठवतो.

हरिभाऊ


पुणे
१९ एप्रिल २०२५

ती. मोठेबाबा,

वर्ध्याच्या पत्त्यावर लिहिते आहे. मोठीआईचा फोन आला होता, घर लागलं म्हणाली. 

मोठेबाबा, बसून वाचा. दादा भिलाईला येऊन गेला!

आज आपल्या कोर्टाचं ठाणं उघडून पाहिलं तर तुमच्या फोटोखाली दुसरा फोटो आलेला आहे. टाकणाऱ्याचं नाव 'चिडीमार सेक्टर ६'. तुम्हाला आठवतं ना, तिथे उभं राहिल्याशिवाय फोटो टाकता येत नाही! म्हणजे त्याने ठाणं पाहिलं, ओळखलं, आणि तो आला. तुम्ही म्हणत होता कोणाचंही कोर्ट. नाही, त्याने ओळखलं.

तारीख दिसत नाही. पण तुम्ही निघाल्यावरच आला असणार. दार उघडं आहे, आतलं सामान गेलेलं दिसतं, आणि कोपऱ्यात व्हरांड्यात कोणी मजूर पाठमोरा बसून काहीतरी बांधतो आहे. पाडायला आलेल्यांपैकी असेल. थोडक्यात चुकामूक झाली, पण आला ना! आज आला, उद्या वर्ध्यालाही येईल. कोणाला तरी विचारेल, जानरावकाका आहेत, सिंधुताई आहेत. मी फोटो मोठा छापून सोबत पाठवते आहे. आता तरी मोठीआईला सांगा. तिला हे ऐकायचा हक्क आहे.

हिरवा ठिपका मात्र सहा दिवस दिसला नाही. मोबाईल बदलला असेल.

तुमची,
अनुजा


वर्धा
२ मे २०२५

चि. अनुजा,
आशीर्वाद.

फोटो पोचला. भिंग घेऊन पाहिला.

तो मजूर मी आहो.

३० मार्चची दुपार आहे ती. मोठं सामान आदल्या दिवशी जानरावच्या घरी नेऊन ठेवलं होतं, म्हणून आतून घर खाली दिसते. शैला सिंधुताईले भेटाले सेक्टर १० ले गेली होती. मी एकटा होतो. उन्हाकडं पाठ करून व्हरांड्यात बसलो अन् पुस्तकाचे गठ्ठे बांधले. बनियन तेच आहे, खांद्यावर फाटलेलं. कानाची मशीन डब्यात घालून आधीच पेटीत टाकली होती. म्हटलं, आज कोण बोलणार आहे आपल्याशी.

तो कोर्टवर उभा होता. कोर्टापासून व्हरांडा किती दूर आहे, तुले माहीत आहे. लहानपणी तुमची चिडी माह्या चहात पडत होती.

त्यानं हाक मारली असंन का? मारली असंन अन् बाप मुद्दाम वळला नाही, असं त्याले वाटलं असंन? तो गेला तवा मले बरं ऐकू येत होतं, कान त्याच्यामागं गेले. त्याले हे माहीत नाही. का हाक मारलीच नाही? तो हिरवा पत्रा वाचला, बापाची पाठ पाहिली, फोटो काढला अन् गेला? दोन्हीपैकी काय झालं ते मले मरेपर्यंत कळणार नाही, अनुजा. दिवसातून दहादा मी स्वतःले एक सांगतो, अन् लगेच दुसरं खरं वाटते.

तू म्हटलं होतं फोटोत माणूस नको. चेहरा नाही म्हणून हा चालला असंन.

जानरावले पत्र टाकलं होतं. तोही मुलाकडं रायपूरले गेला. ब्लॉक पाडला. कोर्टाचे पाइप कोणी काढून नेले.

तुह्या मोठीआईले सांगितलं नाही, अन् तूही सांगू नको. चार वर्षं ती वाट पाहून राहिली. वाट संपली हे तिले मी कोणत्या तोंडानं सांगू? फोटो तिनं पाहिला, म्हणाली, 'आपलंच कोर्ट ना? तुमची पाठ किती वाकली हो.' तिनं एका नजरेत ओळखलं. फोटो कोणी काढला, ते नाही विचारलं.

इथं दाराले घंटी होती, ती काढून मी दिवा लावून घेतला. बाहेरून बटन दाबलं की आत पेटते, बहिऱ्या लोकांसाठी मिळते तसला. दूधवाला दाबते, खालचा टेलर कधी दाबते. बाकी वेळ मी खुर्ची दिव्याकडं तोंड करून बसतो. शैला म्हणते, खिडकीकडं बसा, हवा तरी लागन. मी म्हणतो, इथंच बरं आहे.

तुहा मोठेबाबा,
हरिभाऊ